शहाजिरे कुंडीत पेरण्याआधी

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

‘डब्यातले मूठभर शहाजिरे कुंडीत पेरा, चार महिन्यांत घरचे शहाजिरे’ असा सल्ला हल्ली परसबागेच्या सदरांतून आणि गच्चीवरच्या बागेच्या लेखांतून सर्रास दिला जातो. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण पुणे, मुंबई, नागपूर किंवा पणजीत हा सल्ला जसाच्या तसा पाळला, तर पाने छान येतात आणि फुलोरा मात्र येतच नाही. मग वाचक खत बदलतो, कुंडी उन्हात सरकवतो, पाणी वाढवतो आणि शेवटी आपल्या हाताला गुण नाही असे म्हणून नाद सोडतो. कारण वेगळेच आहे, आणि ते कळले तर या झाडाकडून आपल्या हवेतही बरेच काही मिळवता येते. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

शहाजिरे, म्हणजे वनस्पतिशास्त्रातले ‘कॅरम कार्वी’, हे गाजर, शेपू, ओवा आणि कोथिंबिरीच्या कुळातले. त्याचे बहुतेक जुने वाण दोन वर्षांचे असतात. पहिल्या वर्षी जमिनीलगत पिसासारख्या पानांचा झुबका आणि खाली पांढरट सोटमूळ, एवढेच. हिवाळा जमिनीत काढल्यावर दुसऱ्या वर्षी दीड-दोन फुटांचा दांडा वर येतो, त्यावर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात आणि मग बी धरते. दांडा केव्हा काढायचा हे झाड थंडीवरून ठरवते. मूळ साधारण पेन्सिलीएवढे जाड झालेले असावे लागते आणि त्यानंतर सुमारे आठ आठवडे ५ ते ८ अंशांची थंडी मिळावी लागते. रोप त्याहून कोवळे असेल तर थंडी पडूनही तिचा उपयोग होत नाही. युरोपात, काश्मीर-लडाखात, लाहौल-स्पितीत हे आपोआप घडते. आपल्याकडे निफाडला थंडीच्या लाटेत पहाटे पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो खरा, पण दुपारी तोच २५ च्या पुढे जातो, आणि अशा पहाटा सलग आठ आठवडे मिळत नाहीत. महाबळेश्वरची थंडीही यासाठी अपुरी आहे.

इथे एक चुकीचा उपाय फार पसरला आहे: ‘बिया महिनाभर फ्रीजमध्ये ठेवा, मग पेरा.’ त्याने फुलोऱ्याला काही मदत होत नाही, कारण थंडी बीला नव्हे, वाढलेल्या मुळाला हवी असते. बीला थंडी देण्याची रीत दुसऱ्याच झाडाची आहे. हिमाचलातल्या किन्नौर भागातून आणि काश्मीरमधून येणारे काळसर, बारीक, लांबट शहाजिरे हे ‘बुनियम पर्सिकम’ या बहुवर्षीय कंदवर्गीय झाडाचे. त्याच्या बीला रुजण्याआधी ओलसर थंडी लागते, आणि बीपासून लावल्यास फुले यायला तीन-चार वर्षे जातात. ‘हिमाचली काला जीरा’ म्हणून २०१९ मध्ये ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते हेच. आपल्या हवेत त्याच्या वाटेला न जाणे बरे.

गाजराच्या बीजोत्पादनात मुळे उपटून शीतगृहात ठेवण्याची पद्धत आहे. तोच प्रयोग शहाजिऱ्यावर करता येतो: पाने दोन बोटे ठेवून छाटायची, मूळ दमट कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आठ-दहा आठवडे ठेवायचे आणि पुन्हा लावायचे. अडचण वेळेची आहे. ऑक्टोबरात पेरलेले मूळ जानेवारी-फेब्रुवारीत तयार होते, फ्रीजमधून बाहेर येईपर्यंत एप्रिल उजाडतो, आणि ३८-४० अंशांत आलेल्या फुलोऱ्यात दाणा भरत नाही. पावसाळ्याआधी पेरून वेळ साधायला जावे तर जुलै-ऑगस्टच्या ओलीत मूळ कुजते. हौसेखातर एखाद्या कुंडीत करून पाहायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर कुणाला बियाणे घ्यायला सांगू नये.

बीच हवे असेल तर खरा मार्ग एकवर्षीय वाणाचा. शहाजिऱ्याचे असे वाण आहेत, त्यांना थंडीची ती अट नाही. इजिप्तमध्ये शहाजिरे हिवाळी पीक म्हणूनच घेतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात आणि उन्हाळा तापण्याच्या सुमारास कापतात. दख्खनच्या पठारावरचा हिवाळा या वेळापत्रकाच्या बराच जवळ जातो. त्यामुळे पाकिटावर ‘एकवर्षीय’ असे स्पष्ट छापले असेल तरच बीच्या आशेने पेरावे, आणि तेही ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. फुलोरा फेब्रुवारीत यायला हवा. मार्चअखेरच्या उन्हात आलेली फुले बहुधा पोकळ जातात. किराणा दुकानातले शहाजिरे एकवर्षीय की द्विवर्षीय हे नुसते पाहून ओळखता येत नाही. शिवाय ते जुने असेल तर रुजतही नाही; या कुळातल्या बियांची उगवणशक्ती दोन वर्षांत खूप उतरते.

आता प्रत्यक्ष पेरणी. आधी उगवण तपासा. ५० दाणे ओल्या कागदी रुमालात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवा. तीन आठवड्यांत २५ पेक्षा कमी रुजले तर बियाणे बदला. पेरण्याआधी दाणे बारा तास पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे. दाण्याच्या सालीत रुजणे रोखणारी द्रव्ये असतात, ती काही प्रमाणात निघून जातात. उगवणीला १५ ते २० अंश तापमान सोयीचे. दसऱ्याच्या ‘ऑक्टोबर हीट’मध्ये पेरलेले बी मातीत नुसते पडून राहते आणि मग कुजते. म्हणून रात्री गारवा जाणवू लागल्यावरच पेरा.

कुंडी किमान एक फूट खोल हवी. पसरट ट्रे नको, आणि ट्रेमध्ये रोपे करून नंतर लावणे तर मुळीच नको. सोटमुळाचे टोक तुटले की मूळ फाटे फोडते आणि झाड खुरटते. दोन भाग माती, एक भाग चाळलेले जुने शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण चालते. ताजे शेण घातले तर मुळे वेडीवाकडी होतात आणि पानांचा नुसता पाला वाढतो. देशावरच्या काळ्या मातीत वाळूचे प्रमाण दुप्पट करा; ती माती ओली असताना चिकटते आणि सुकली की भेगाळते, दोन्ही मुळाला मारक. कोकण-गोव्याच्या तांबड्या मातीत निचरा चांगला असतो, पण ती आम्ल असते, म्हणून बादलीभर मातीला एक मोठा चमचा शेतीचा चुना पेरणीआधी पंधरा दिवस मिसळावा.

बी एक सेंटीमीटरपेक्षा खोल टाकू नका. वर बारीक खत भुरभुरून हलके दाबा आणि फवाऱ्यानेच पाणी द्या, नाहीतर दाणे एका कोपऱ्यात वाहून जातात. दोन ते तीन आठवडे वरचा थर सुकू द्यायचा नाही. पहिले दहा दिवस ओले गोणपाट अंथरले तर काम सोपे होते, पण पहिला कोंब दिसताच गोणपाट काढले पाहिजे, नाहीतर रोपे लांबुळकी होऊन आडवी पडतात. आधी दोन अरुंद लांब दले येतात, मग गाजरासारखे पान. या काळात वाढ इतकी संथ असते की तण सहज मात करते, तेव्हा आठवड्यातून दोनदा हाताने तण काढा. रोपे बोटभर उंच झाली की विरळणी: बारा इंची कुंडीत तीनच ठेवा, वाफ्यात दोन रोपांत एक वीत अंतर ठेवा. उपटलेली रोपे कोशिंबिरीत जातात.

ऊन सकाळचे चार-पाच तास पुरे. रोप जमिनीलगत काळे पडून कोलमडले तर पाणी जास्त झाले आहे. जुनी पाने टोकाकडून पिवळी पडली तर बहुतेक वेळा नत्र कमी असते. जीवामृत किंवा पेंडीचे पातळ पाणी पंधरा दिवसांतून एकदा द्या. पानांवर पांढरी पूड दिसली तर ती भुरी. ती पाने काढून टाका, गर्दी कमी करा आणि संध्याकाळी पानांवर पाणी मारणे बंद करा. मावा आला तर जोराच्या पाण्याने धुऊन काढा, तरीही राहिला तर निंबोळी अर्क ५ टक्के. पाने खायची असल्याने रासायनिक फवारणी घरात टाळावी.

दीड-दोन महिन्यांत बाहेरची पाने तोडता येतात. आतला कोंब सोडून एका वेळी एक तृतीयांशच घ्या. चव शेपूकडे झुकणारी, पण सौम्य. मुगाची डाळ घालून शेपू करतो तशी भाजी निम्मा शेपू, निम्मी ही पाने घालून करावी. थालिपिठात, मठ्ठ्यात, काकडीच्या कोशिंबिरीत बारीक चिरून घालावी. फार शिजवले तर वास उडतो, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत घाला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुळे उपटा. ती वीतभराच्या आतबाहेर असतात. साल खरवडून गाजरासारखी वाफवून तूप-मिऱ्यावर परतली की गोडसर, सुगंधी लागतात. दांडा निघाल्यावर मात्र मूळ लाकडासारखे होते. पानांसाठी आणि मुळांसाठी लावायचे ठरवले तर द्विवर्षीय वाणच उत्तम, कारण ते आपल्या हवेत फुलण्याची घाई करत नाही. माझ्या मते महाराष्ट्रातल्या घरच्या बागेत शहाजिऱ्याची खरी जागा ही आहे.

आणि घरच्या बीचे समाधान हवे असेल तर तोच वाफा शेपूला द्यावा. शेपू ऑक्टोबरात पेरून अर्धी रोपे भाजीला काढली आणि अर्धी राखली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बाळंतशेप हाती येते. हा काही नाइलाजाचा पर्याय नव्हे. शहाजिऱ्याचा ओळखीचा वास ज्या कार्व्होन या द्रव्यामुळे येतो, तेच बाळंतशेपेतही असते. म्हणूनच एखाद्या युरोपीय पाककृतीत शहाजिरे सांगितले असेल आणि घरात नसेल, तर साधे जिरे घालणे चूक आणि थोडी कमी बाळंतशेप घालणे बरोबर. जिऱ्याचा वास वेगळ्याच द्रव्याचा असतो, त्याने पदार्थाची दिशाच बदलते. लेबनॉनमध्ये मूल जन्मल्यावर तांदळाचे पीठ आणि शहाजिरे घालून ‘मेघली’ नावाची खीर करतात, आणि आपल्याकडे बाळंतिणीला बाळंतशेप देतात. हे साम्य मला फार मोलाचे वाटते.

विकत घेताना काय पाहावे, हेही कुणी सांगत नाही. कॅरम कार्वीचा दाणा कोयरीसारखा किंचित वाकलेला, तपकिरी, त्यावर पाच फिकट उभ्या रेषा. बुनियमचा दाणा अधिक बारीक, काळपट, आणि त्याचा वास जिऱ्याच्या जवळचा. गोडा मसाला, मसालेभात, बिर्याणी यांत काळपट शहाजिरे खुलते. कोबी, बटाटा, पाव, चीज यांत तपकिरी. दुकानात ‘काळे जिरे’ म्हणून मागू नका, कडू जिरे किंवा कलौंजी हातात पडण्याचा संभव असतो. दाणे तळहातावर चोळून पाहा: हात काळा झाला तर रंग लावलेला आहे, आणि वास फिका येऊन दाणे सुरकुतलेले असतील तर तेल काढून घेतलेला किंवा फार जुना माल आहे. ५० ग्रॅमपेक्षा जास्त एका वेळी घेऊ नये. घरी आणल्यावर चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवले तर मसाल्यातल्या किड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर दाण्यांवर पाणी धरते आणि पावसाळ्यात बुरशी येते. पूड करून ठेवणे टाळा, महिन्याभरात ती निव्वळ भुसा होते.

भाजताना मंद आचेवर ३०-४० सेकंद पुरतात. धण्यांबरोबर एकाच कढईत टाकले तर धणे भाजेपर्यंत हे करपून कडू होते, त्यामुळे गोड्या मसाल्यात नेहमी वेगळे, थेंबभर तेलावर. अर्धा किलो धण्यांना २५ ग्रॅम शहाजिरे पुरते. हात सैल सोडला तर दगडफूल आणि नागकेशराचा वास दबतो. मसालेभाताला एक वाटी तांदळाला पाव छोटा चमचा, तेल मध्यम तापल्यावर. धूर येऊ लागलेल्या तेलात नको.

तपकिरी शहाजिऱ्याचा सर्वांत चांगला उपयोग कोबीत आहे. जर्मनीतला आंबवलेला कोबी, साउअरक्राउट, आपल्या घरी डिसेंबर-जानेवारीत उत्तम होतो. एक किलो कोबी बारीक चिरून वजन करा, त्याला २० ग्रॅम मीठ चोळा आणि दहा मिनिटे हाताने चुरडा, म्हणजे भरपूर पाणी सुटेल. एक छोटा चमचा शहाजिरे मिसळा आणि स्वच्छ काचेच्या बरणीत दाबून भरा, वर तीन बोटे जागा सोडून. कोबी स्वतःच्या रसाखाली बुडालेला राहिलाच पाहिजे. वरती कोबीचे अखंड पान आणि त्यावर लहान वाटीचे वजन ठेवा. रस कमी पडला तर लिटरभर पाण्याला २० ग्रॅम मीठ या प्रमाणाचे पाणी घाला. झाकण सैल ठेवा, खाली ताटली ठेवा, कारण दोन दिवसांत फेस येऊन रस सांडतो. १८ ते २२ अंशांत तीन-चार आठवडे लागतात. मुंबई-गोव्याच्या २८-३० अंशांत आठवड्याभरातच आंबट होतो आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवावा लागतो, नाहीतर मऊ पडतो. मीठ अंदाजाने कमी केले तरी मऊच पडतो, तेव्हा वजनकाटा वापरा. वर पातळ पांढरी साय धरली तर ती काढून टाकायची. गुलाबी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर मात्र सगळी बरणी फेकायची, वरचा थर काढून चालत नाही. हे शहाजिरे नुसत्या कोबीच्या भाजीतही मोहरीऐवजी वापरून पाहावे. अर्धा किलो कोबीला अर्धा छोटा चमचा, आणि हळद जेमतेम.

ब्रिटन, जर्मनी, स्कँडिनेव्हिया, कॅनडा इथल्या मराठी घरांना मात्र पूर्ण शहाजिरे, बीसकट, परसात मिळू शकते. एप्रिल-मेमध्ये जमिनीतच ओळीने पेरावे, ओळींत एक फूट अंतर ठेवावे. पुढल्या मे-जूनमध्ये फुलोरा, जुलैच्या सुमारास काढणी. मधली छत्री आधी पिकते, कडेच्या मागून, त्यामुळे दोन तृतीयांश दाणे तपकिरी होताच दांडे कापावेत. सगळे पिकायची वाट पाहिली तर निम्मे जमिनीवर गळतात. पहाटे दव असताना कापले तर गळ कमी होते. कागदी पिशवीत उलटे बांधून सावलीत दहा-पंधरा दिवस ठेवा, मग चोळून पाखडा. उन्हात वाळवू नका, सुगंधी तेल उडते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत हे झाड उपद्रवी तणांच्या यादीत आहे, म्हणून लावण्याआधी स्थानिक नियम पाहावेत आणि बी कुरणात जाऊ देऊ नये. रानातले मात्र कधीही तोडू नये. याच कुळातले हेमलॉक हे जीवघेणे विषारी झाड दिसायला बरेच सारखे असते. त्याच्या खोडावर जांभळे डाग असतात आणि पान चुरडले तर उबग आणणारा वास येतो. पण डाग फिके असू शकतात, एवढ्या ओळखीवर जीव टांगू नये.

आपल्याला एक विनंती आहे. बागकामाच्या सदरात कोणतेही बी पेरायला सांगताना झाडाचे शास्त्रीय नाव, ते एकवर्षीय की द्विवर्षीय, पेरणीचा महिना आणि लागणारे रात्रीचे तापमान या चार गोष्टी चौकटीत छापाव्यात, आणि कोकण, देश व विदर्भ यांसाठी महिना वेगवेगळा द्यावा. नवरात्रानंतर बियाणांची खरेदी सुरू होते. चौकट त्याआधीच्या आठवड्यात आली तर तिचा उपयोग होईल. मसाल्याच्या पाकिटांवरही कॅरम की बुनियम हे लिहिले जावे, याचा पाठपुरावा आपल्या पत्राने केला तर घरोघरच्या सुगरणी दुवा देतील.

आपला,
एक वाचक, पुणे